मोबाईलमधला मनसाराम

गिरजाबाईबद्दल आमच्या गावात दोन मतं आहेत. एक, ती पहिल्यापासून तशीच होती. दुसरं, बिचारी भोळी, तिला काही कळलंच नाही. मला दोन्ही मतांचा राग येतो. ती तशी नव्हती, आणि भोळी तर मुळीच नव्हती. भोळ्या बाईला कुरखेड्याच्या बाजारात मासळी विकून एकटीनं लेक वाढवता येत नाही. गिऱ्हाईक मासा दाबून दाबून पाहायला लागलं की ती म्हणायची, "जावई पाहून राह्यला का गा? घेतं तं घे, नाईतं सरक." मी या गावात अंगणवाडी चालवते, तिच्याच आळीत राहते, तिचं उठणंबसणं पाहिलेलं आहे. म्हणून मी सांगते ते ऐका.

मनसाराम तिचा नवरा. ढिवराचा पोरगा. तलावात जाळं टाकायचा, धान रोवायला मजुरीनं जायचा, आणि गावात कुणाचंही काम अडलं की 'मी आहो ना' म्हणत पुढं व्हायचा. माझ्या अंगणवाडीत पोरांच्या वजनाचा काटा आढ्याला त्यानंच टांगून दिला होता. मेंदूच्या मलेरियानं तो गेला तेव्हा दामिनी नुकती चालायला लागली होती. तापात बरळायला लागला तसं त्याला खाटेवर घालून दवाखान्यात न्यायला निघाले, पण वाटेतला नाला पुरानं भरून वाहत होता. पाणी उतरेपर्यंत तो थांबला नाही. त्या वर्षांत आमच्या भागात घरोघरी असं झालं होतं, म्हणून कुणी फार दिवस हळहळलं नाही. ज्याला त्याला आपापल्या घरचं रडू होतं.

त्याचा एकही फोटो नव्हता. आजच्या पोरांना हे खोटं वाटतं. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती, आणि मतदानाची फोटोवाली कार्डं गावात आली ती तो गेल्यावर. त्यामुळे दामिनीला बाप माहीत होता तो फक्त लोकांच्या तोंडून. आणि लोकांच्या तोंडाचं तुम्हाला ठाऊक आहेच. कुणी म्हणे लटारूसारखा दिसायचा. लटारू म्हणजे मनसारामचा मोठा भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. कुणी म्हणे छे, लटारू बापावर गेला, मनसाराम मायवर. पोरगी ज्याला त्याला विचारत फिरायची, आणि रात्री मायला विचारलं की गिरजा म्हणायची, "तुह्यासारखा दिसे. झोप आता." मग पोरगी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या तोंडात बाप शोधायची. मी तिला असं करताना पाहिलं आहे. मला ते पाहवत नसे.

दामिनी दहावीला होती तेव्हा तिचा मामा सुकलू कोरपन्याकडून आला. तिकडं एका सिमेंटच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडं कामाला होता. येताना त्यानं भाचीसाठी आपला जुना मोबाईल आणला. आमच्या गावात तेव्हा टॉवर नव्हता. बोलायचं तर तलावाच्या पाळीवर चढून हात वर करावा लागे, आणि तरी पलीकडचा माणूस 'हॅलो हॅलो'च करत बसे. पण मोबाईल म्हणजे फोन असं आमच्याकडं कुणी मानतच नव्हतं. मोबाईल म्हणजे गाणी, आणि मोबाईल म्हणजे सिनेमे. आणि ते भरून द्यायचा देवानंद.

देवानंदचं दुकान कुरखेड्यात, बाजाराच्या रस्त्यावर. हा माणूस पूर्वी गावोगाव टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं न्यायचा, आणि लग्नात व्हिडिओ शूटिंग करायचा. कॅसेटींचा जमाना गेला, सीडीचाही जायला लागला, पण देवानंद चिवट. त्यानं जुना व्हीसीआर फडक्यानं पुसला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि दारावर पाटी लावली : 'घरच्या कॅसेटी मोबाईलमध्ये भरून मिळतील.' लोक आधी हसले आणि मग कॅसेटी घेऊन आले. व्हीसीआरमध्ये कॅसेट जशी चालेल तशी ती कॉम्प्युटरात उतरायची, घाई करून चालत नसे. गिऱ्हाईक बाकावर बसून स्वतःचं लग्न पुन्हा पाहायचं, आणि हवा तेवढा तुकडा देवानंद कापून मेमरी कार्डात टाकून द्यायचा. बायका रडायच्या. एका बुवानं अख्ख्या लग्नातून फक्त जेवणाची पंगत भरून घेतली, कारण पंगतीच्या मागं त्याचा मेलेला बैल बांधलेला दिसत होता.

आमच्या गावात पहिलं शूटिंग झालं ते सोमाजीच्या मंजुषाच्या लग्नाचं. सोमाजी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, पैसा खेळता. त्या लग्नाला अख्खं गाव होतं आणि मनसाराम तेव्हा धडधाकट होता. दामिनीला हे कुणीतरी सांगितलं. झालं. पोरीनं सोमाजीच्या घरी खेटे घालून ती कॅसेट मिळवली.

"सारं गाव हाय त्याच्यात," ती मला म्हणाली, "मंग बाबा असनच ना बाई?"

"असन वो," मी म्हणाले. गिरजालाही तसंच वाटलं होतं. आहेराच्या वेळी एकेक जण कॅमेऱ्यासमोर येऊन, भांडं नाहीतर लुगडं पुढं धरून, 'झालं' म्हणेपर्यंत हलत नसे. म्हणजे मनसाराम तिथं नाही तर कुठं दिसणार?

माझी तालुक्याला मीटिंग होती, म्हणून मी त्या दोघींबरोबर गेले आणि मीटिंग उरकून दुकानात जाऊन बसले. दामिनी टीव्हीला नाक लावून बसली होती. कॅसेट जुनी, रंग ओघळलेले, पण माणसं ओळखू येत होती. मेलेली-जिती माणसं एकामागून एक येत होती आणि आहेर देऊन जात होती. मनसारामची माय गुणाबाई आली, तेव्हा तिचे डोळे शाबूत होते. लटारू आला. मग गिरजा आली, कडेवर दामिनी, हातात आहेराचा पितळी गंज. कॅमेऱ्याच्या जरा वर, बाजूला बघून हसत होती. ती इतकी हसरी होती हे मी विसरूनच गेले होते.

"बाबा कुठी हाय?" दामिनीनं विचारलं.

"येतीन," गिरजा म्हणाली.

तेव्हा देवानंद आमच्याकडं वाकला. टीव्हीत बँड वाजत होता, पुढं बसलेल्या पोरीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो बोलला. "वहिनी, मले आता आठवलं. त्या दिवशी माहा लाईटवाला तापानं पडला होता. मनसारामभाऊच लाईट धरून होता. पहिलेपासून शेवटपर्यंत."

गिरजा त्याच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत हे तिच्या-माझ्या दोघींच्याही मनातून गेलं होतं, तेव्हा कुठं उमगलं. त्या कॅसेटमधलं प्रत्येक तोंड मनसारामच्या हातातल्या दिव्यानं उजळलं होतं, आणि तो स्वतः त्यात कुठंच नव्हता. ती बाई गंज हातात धरून त्याच्याकडंच बघून हसत होती.

टीव्हीत आता वरात नाचत होती. नवरदेवाकडची, वैनगंगेपलीकडची माणसं, आमच्यापैकी कुणी नाही. त्यातला एक जण, गळ्यात लाल दुपट्टा, पुढच्या दातांत फट, नाचत नाचत थेट कॅमेऱ्यापाशी आला, खळखळून हसला आणि हात जोडले. दामिनी ताडकन उठली आणि तिनं काचेवर बोट ठेवलं.

"माय, हेच ना? हेच बाबा ना?"

देवानंद खाली बघू लागला. गिरजानं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार होते? पोरीनं मान वळवली, आणि तिचं ते तोंड दिव्यासारखं लखलखत होतं. गिरजा म्हणाली, "होय."

परतीच्या वाटेवर दामिनी पुढं चालत होती तेव्हा मी गिरजाला हळूच म्हटलं, हे काय केलं वो तू? ती म्हणाली, "तिचं तोंड पाह्यलं नाई का तुमी?" मी पाहिलं होतं. म्हणून पुढं बोलले नाही, आणि त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तो तुकडा मिनिटभराचाही नव्हता. पोरीनं तो गावभर दाखवला. आमचं गाव एरवी कुणाचं झाकून ठेवणारं नाही, पण त्या वेळी गप्प राहिलं. मनसारामला ओळखणारे होते, त्यांनी मोबाईल हातात घेतला, पोरीकडं पाहिलं आणि 'हो वो, हो' म्हणत परत दिला. गुणाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिनं काचेवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "माहा मनसारामच होय." लटारूनं दोनदा पाहिलं. मग गिरजाकडं बराच वेळ बघत राहिला.

दामिनी बदलली. हे कबूल करावंच लागेल. चारचौघांत मान वर करून बोलू लागली. परीक्षेला जाताना मोबाईल उघडून त्या माणसाला नमस्कार करायची. गिरजाला आतून पोखरत होतं ते वेगळंच. पितृमोक्ष अमावास्येला आमच्याकडं पितरांच्या नावानं पान वाढतात, कौलावर कावळ्याला घास टाकतात. दामिनीनं पानाशेजारी तो मोबाईल ठेवला आणि त्यातल्या माणसाला घास दाखवला. गिरजा धापा टाकत माझ्या दारात आली.

"बाई, तो मानूस जिता असन तं? जित्या मानसाले पितराचा घास दाखवला पोरीनं."

मी तिची समजूत काढली. कुठला कोण माणूस, एवढी वर्षं झाली, कुठं तरी असेल नाहीतर नसेल. मी असं म्हणाले खरी, पण आमच्या भागातल्या ढिवरांची सोयरीक किती गावांत फिरते हे मला माहीत होतं. या गावची पोर त्या गावात, त्या गावची इकडं. तोंड लपवायला जागा नसते.

दोन वर्षांनी मंजुषाच स्थळ घेऊन आली. तिच्या सासरच्या गावचा मुलगा, अजय. वडशाच्या राईस मिलमध्ये कामाला, दारू नाही, घरी धानाची थोडी शेती. असं स्थळ चालून आल्यावर कुणी पाठ फिरवतं का? गिरजानं फिरवली. पोरगी लहान आहे म्हणाली, नदीपलीकडं द्यायची नाही म्हणाली, काय वाटेल ते म्हणाली. लटारू भडकला. बाप नसलेल्या पोरीचं आपणच पाहायचं असतं म्हणून त्यानं परस्पर पाहुण्यांना होकार कळवला.

गिरजा देवानंदकडं गेली. तो म्हणाला, मोबाईल आणून द्या, पुसून टाकतो. पण दामिनी मोबाईल दुसऱ्याच्या हाती देईल तर ना. एकदा ती अंघोळीला गेली तेव्हा गिरजानं तो उचलला आणि तलावाच्या पाळीवर गेली. मी पाण्याला निघाले होते, मला दिसली. मोबाईल मुठीत धरून पाण्याकडं बघत उभी होती. मग तशीच माघारी आली.

"काऊन नाई टाकला वो?" मी विचारलं.

"तिचा बाप होय ना तो," ती म्हणाली.

पाहुणे आले त्या दिवशी मी पोहे करायला तिच्या घरी होते. मंजुषा, तिचा नवरा, मुलगा अजय, मुलाची आई. मुलाला वडील नव्हते, म्हणून चुलता आला होता आणि तोच पुढं बसला होता. दसरू त्याचं नाव. गिरजानं दाराच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या हातातला झारा खाली पडला. केस पिकले होते, पण दातांतली फट तीच होती.

"ताट मले दे," ती दामिनीला म्हणाली. "तू बाहेर नोको जाऊ."

दामिनीला वाटलं, माय घाबरली आहे. ती हसली आणि ताट घेऊन बाहेर गेली.

मी दारातून बघत होते. ती दोन पावलं गेली आणि थांबली. ताट तिनं खाली ठेवलं. दसरूला वाटलं पोरगी लाजली. तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "काय नाव वो बाई तुहं?" दामिनी तशीच आत आली, मोबाईल घेतला आणि बाहेर जाऊन त्याच्यापुढं धरला. बँड वाजू लागला.

"अरे, हा तं मी होय," दसरू म्हणाला. त्याला एवढा आनंद झाला की मोबाईल त्यानं पुतण्याच्या हातात दिला. "मंजुषाच्या लग्नातला. पाय गा अजय, कसा नाचून राह्यलो. कोनं भरून देल्ला वो तुले?"

"हे माहे बाबा होत," दामिनी म्हणाली. "मले असंच सांगतलं."

 मग अजयच्या आईनं पोराच्या हातातून मोबाईल घेतला, त्यात पाहिलं, दिराकडं पाहिलं आणि मग आमच्या दाराकडं. ती नजर मी ओळखली. 

लटारू उभा राहिला. त्या मोबाईलात आपला भाऊ नाही हे या माणसाला दोन वर्षं माहीत होतं. पण उभा असा राहिला की जणू आत्ताच कानावर आलं. "गिरजा, बाहेर ये. हा मानूस तुहा कोन लागते?"

गिरजा हात पुसत बाहेर आली आणि तिनं सगळं सांगितलं. लग्न, लाईट, कॅसेट. एकही शब्द लपवला नाही. "मी याले कधी पाह्यलंच नाई. त्या टीव्हीत पाह्यलं, तेवढंच."

"मंग एवढ्या मानसांतून हाच काऊन दाखवला पोरीले?"

"तिनं नाई दाखवला," मी पुढं होऊन म्हणाले. "दामिनीनं बोट ठेवलं. मी तिथीच बसली होती."

"तुमी राहू द्या बाई. तुमी तं तिच्याच बाजूच्या," लटारू म्हणाला. मग तो पोरीकडं वळला. "सांग पोरी. कोनं दाखवला हा तुले?"

सगळे दामिनीकडं बघत होते. एक वाक्य हवं होतं, खरं होतं तेवढंच. पोरीचे डोळे अजयच्या आईच्या हातातल्या मोबाईलवर होते.

"मायनं दाखवला," ती म्हणाली.

ती खोटं बोलली का, हे मी पुष्कळदा मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. मैत्रिणींना सांगताना ती नेहमी 'मायनं मले बाबा दाखवले' असंच सांगायची, कारण 'मी बाप निवडला' असं कोण सांगेल? सांगून सांगून तेच तिला खरं झालं असेल. नाहीतर राग असेल. सोळा वर्षांपूर्वी मेलेला बाप तिच्यासाठी त्या दिवशी पुन्हा मेला होता, आणि तेही पोहे खात बसलेल्या परक्या माणसाच्या रूपानं. मला सगळं समजतं. तरी मी तिला माफ केलेलं नाही.

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. गिरजानं माझा दंड धरला. "राहू द्या बाई," ती म्हणाली. "पोरगी म्हनते ते खरं."

स्थळ मोडलं हे सांगायला नको. दसरूची बायको माहेरी निघून गेली, म्हणून तो आमच्या गावात येऊन गिरजाच्या दारात शिव्या देऊन गेला, आणि त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? देवानंद खरं काय ते सांगायला गावात आला होता. लोक म्हणाले, याचा काय भरवसा, यानंच भरून दिला. दामिनीला मामा कोरपन्याला घेऊन गेला, तिकडंच तिचं लग्न लावलं. कन्यादानाला लटारू आणि त्याची बायको बसले. गिरजाला कुणी 'येऊ नको' म्हणालं नाही, पण 'ये' असंही कुणी म्हणालं नाही. त्या दिवशी ती बाजारात मासळी विकत होती. बायका तिच्याकडून मासळी घेतात अजून, स्वस्त देते म्हणून, पण आता मासा दाबून पाहिला तरी ती काही म्हणत नाही.

परवा ती अंगणात झिंगे वाळवत बसली होती. मी जाऊन बसले. खूप वेळ आम्ही खडे निवडत होतो. मग ती म्हणाली, "बाई, मनसाराम कसा दिसे, सांगा ना."

मी सांगायला गेले. त्याचे हात मला दिसत होते, काट्याची दोरी बांधताना. त्याचा आवाज ऐकू येत होता. पण तोंड आठवायला गेले की दातांतली फट यायची, लाल दुपट्टा यायचा. मी डोळे मिटून पाहिलं. पुन्हा तोच.

"मलेबी तोच दिसते," गिरजा म्हणाली. "डोळे मिटले का तो दसरू येते नाचत. माह्या मानसाचं तोंड त्यानं पार पुसून टाकलं. हे मी पोरीले सांगतलं नाई. तुमीबी नोका सांगू."

मी पुन्हा खडे निवडायला लागले. नाक असं होतं, कपाळ तसं होतं, असं काहीतरी बनवून सांगता आलं असतं, आणि तिनं ते ऐकूनही घेतलं असतं. पण त्या घरात तसं एकदा झालं होतं, तेवढं पुरे होतं.